भामिनी ते नारुतो

‘कॉस्प्ले’ हा शब्द जपानात घडला. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ हे दोन इंग्रजी शब्द जोडून नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो १९८० च्या दशकात रूढ केला. आवडत्या पात्राचा हुबेहूब वेष करायचा, चाहत्यांच्या संमेलनाला जायचे आणि त्या रूपात छायाचित्रे काढून घ्यायची, असा हा छंद. प्रथा मात्र शब्दापेक्षा जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. मुंबईत कॉमिक कॉन २०११ पासून भरू लागले आणि आपली मुलेही त्यात रमली.

माझी नात तिथे ‘नारुतो’ होऊन गेली होती. हा मासाशी किशिमोतो यांच्या चित्रकथेतला अनाथ मुलगा. अंगात नारिंगी कपडे, कपाळावर धातूची पट्टी, दोन्ही गालांवर मिशांसारख्या तीन-तीन रेघा. फोटो गडहिंग्लजला घरच्या मोबाईलवर आले आणि कुजबुज सुरू झाली. ‘मुलीच्या जातीने पोराचा वेष कशाला करावा?’ विचारणाऱ्यांना मी म्हटले, जरा आपलाच इतिहास आठवा.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९११ साली खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’मध्ये ते भामिनी झाले, तेव्हा वय होते २२ वर्षांचे. या नाटकात श्रीमंत भामिनी गरीब वनमालेचे सोंग घेते. म्हणजे पुरुषाने स्त्री व्हायचे आणि त्या स्त्रीने पुन्हा दुसरी स्त्री व्हायचे! प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही. उलट घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची, अंबाड्याची, दागिन्यांची तऱ्हा उचलू लागल्या.

बालगंधर्वांची स्त्रीवेषातली छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. मला ती नाटकाइतकीच महत्त्वाची वाटतात. रंगभूमीवर गाणे असते, चाल असते, संवाद असतो. छायाचित्रात यातले काहीच नाही. आवाज गेला, हालचाल गेली. उरली ती मानेची लकब, पदर धरणारी बोटे आणि नजर. पात्र मनात मुरले नसेल तर तिथे नुसता शालू दिसेल, भामिनी दिसणार नाही. शाळेत वेषभूषा स्पर्धेत मी हे कितीदा पाहिले. भरजरी पोशाखातली मुलगी फोटोसाठी उभी राहते, पण राणी दिसते ती कधी कधी साध्या लुगड्यातली, लाकडी तलवार घट्ट धरणारी!

कॅमेरा सर्वांवर सारखाच मेहेरबान असतो असेही नाही. १९३७ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट केला. मीरा झाले बालगंधर्व, वयाच्या पन्नाशीजवळ. पण चित्रपट चालला नाही. नाट्यगृहात प्रेक्षक दूर बसतो, गाण्याच्या ओघात तो स्वतःच उरलेली स्त्री मनात पूर्ण करतो. स्थिर छायाचित्रही एकच निवडलेला क्षण देते. चित्रपटाचा कॅमेरा मात्र जवळ येऊन बराच वेळ बघत राहतो. त्याला मनाची ती भर घालायला जागा राहात नाही, असे मला वाटते.

आता नातीचा फोटो पुन्हा पाहू. त्यात ती हसत नाही. मी कारण विचारले तर म्हणाली, “आजोबा, गावाने त्याला वाळीत टाकलंय, लहानपणी झोपाळ्यावर एकटा बसलेला असतो ना, तो हा नारुतो.” पोशाख शिवून घेता येतो, ही समज शिवून मिळत नाही. मुलगी असून ती एका एकट्या मुलाच्या मनात शिरली, यात कुजबुजण्यासारखे काय आहे?

बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात १९६८ साली उभे राहिले. त्यासाठी चित्रकार गोपाळ देऊसकरांनी त्यांची दोन चित्रे रंगवली, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. दोन्ही एकाच माणसाची, आणि दोन्हींपुढे आपण सारख्याच आदराने उभे राहिलो. तोच आदर घरच्या पोरीला द्यायला काय हरकत आहे?