हॉटेलात पाय घसरला तर चूक कोणाची? दोन जुन्या खटल्यांची गोष्ट

पावसाळा लागला की आमच्या खारघरच्या सोसायटी ग्रुपवर दोन विषय हमखास येतात. एक पांडवकड्यावरची बंदी, दुसरा कोणीतरी घसरून पडल्याचा. यंदा दुसऱ्या विषयात एक हॉटेल होतं. जेवून हात धुवायला गेलेल्या एका आजींचा बेसिनपाशी साचलेल्या पाण्यावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. ग्रुपवर चर्चा काय? "या वयात जपून चालायला हवं." "हॉटेलवाल्याने रिक्षा करून दिली ना, अजून काय पाहिजे?" तिथे पाणी का साचलं होतं, हे कोणीच विचारलं नाही.

आपल्याकडे पडणाऱ्यालाच लाज वाटते. कायद्याचं म्हणणं मात्र वेगळं आहे, आणि ते काही काल-परवाचं नाही. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

साल १९७२. लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीचा एक सहवैमानिक, क्लाउस मिटेलबाखर्ट, दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात उतरला होता. त्याने तिथल्या पोहण्याच्या तलावात सूर मारला आणि डोकं थेट तळाला आपटलं. हातपाय कायमचे लुळे पडले. १९७५ मध्ये त्याने दिल्ली उच्च न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला.

हॉटेलने एक मुद्दा असा मांडला की खोलीचे पैसे याने दिलेच नाहीत, ते विमान कंपनीने दिले, मग आमचा याच्याशी करार कुठे आहे? १९९७ मध्ये न्या. आर. सी. लाहोटी (जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले) यांनी हे मान्य केलं नाही. सूर मारायची फळी लावली असेल तर तिच्याखाली पाण्याची तेवढी खोली हवी, अपघातच काय ते सांगतो, असा निकालाचा रोख होता. वर हेही म्हटलं की पंचतारांकित हॉटेल दर भरमसाट घेतं, तर त्याच्यावर काळजीची जबाबदारीही तेवढीच मोठी येते. भरपाई ठरली ५० लाख रुपये.

आता पुढचं ऐका. तो पायलट १९८५ मध्येच वारला होता. हॉटेल अपिलात गेलं आणि २००२ मध्ये खंडपीठाने तो निकाल रद्द केला. कारण काय, तर स्वतःच्या शरीराला झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क माणसाबरोबरच संपतो, असं जुनं तत्त्व आहे. म्हणून दावा त्याच्या मृत्यूबरोबरच संपला होता. अपघातापासून तीस वर्षं गेली आणि हातात शून्य!

दुसरा खटला तर घसरण्याचाच. १९७८ साली दिल्लीत आयटीडीसी या सरकारी पर्यटन महामंडळाच्या अकबर हॉटेलात १७ वर्षांची एक परदेशी मुलगी तलावापाशी घसरली, डोक्याला मार बसला आणि ती जन्मभरासाठी अपंग झाली. १९८२ मध्ये दावा दाखल झाला. पुढे २०१४ मध्ये खंडपीठाने हॉटेलचा हलगर्जीपणा मान्य करून सुमारे १ कोटी ८२ लाख रुपये मंजूर केले. निकाल आला तेव्हा ती मुलगी पन्नाशी ओलांडलेली बाई झाली होती.

मला या दोन खटल्यांतून एकच गोष्ट दिसते. पाहुण्याचा हक्क न्यायालयांनी केव्हाच मान्य केलाय. आपण हरतो ते वेळेपुढे.

म्हणूनच १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा महत्त्वाचा. तो आल्यावर सामान्य माणसाला दिवाणी कोर्टाच्या फेऱ्यांऐवजी दुसरी वाट मिळाली. २०१९ च्या नव्या कायद्याने ती आणखी सोपी केली. आता तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आपलं खारघर नवी मुंबईत म्हणवतं, पण जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागचा. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल मुलाने भरलं आणि पडली आई, तरी आईला तक्रार करता येते. मुदत आहे २ वर्षांची.

"पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर" छापाच्या पाट्यांना घाबरू नका. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की हॉटेलचा स्वतःचा हलगर्जीपणा असेल तर अशा सूचनेआड लपता येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक पडण्याला हॉटेल जबाबदार नसतं. लादी पुसताना पिवळी पाटी ठेवली होती, माणूस मोबाईल बघत चालला होता, तर आयोग तेही बघणार. नुसता "मी पडलो" म्हणून दावा टिकत नाही. पाणी होतं, ते हॉटेलला पुसता आलं असतं आणि पुसलं नाही, हे दाखवावं लागतं.

त्यामुळे असं काही झालं तर त्याच दिवशी चार कामं करा. जागेचा फोटो काढा. बिल जपून ठेवा. मॅनेजरला लेखी कळवून सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवायला सांगा, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आणि दवाखान्याच्या केसपेपरवर कुठे, कसं पडलात ते लिहून घ्या.

आमच्या ग्रुपवरच्या त्या आजींच्या घरच्यांनी यातलं काहीच केलं नाही. वाद नको म्हणाले. त्यांचा निर्णय, मी काही बोललो नाही. पण ते बेसिन अजून तिथेच आहे, आणि रविवारी तिथे जेवायला आपल्यातलेच कोणीतरी जाणार आहेत.

तुमच्यापैकी कोणी हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात गेलं असेल तर किती महिने लागले, काय अनुभव आला, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. इतरांना उपयोग होईल.