शिकाऊ उमेदवारांचे अनुदान आणि आपली राखीव जागा

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते, विटाळ होतो, ही सबब. पगार मात्र त्याच खात्यात जास्त! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याचा मुद्दा मांडला. कसब शिकण्याची जागा कोणाच्या हातात आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. अनुसूचित जाती-जमातींसाठी मालकाने जागा राखून ठेवाव्यात, हे कलम 3अ आले 1973 मध्ये. म्हणजे बारा वर्षांनी.

2016 पासून केंद्र सरकार या उमेदवारांच्या विद्यावेतनाचा 25 टक्के, जास्तीत जास्त दरमहा 1500 रुपये, वाटा उचलते. आधी हा पैसा मालकाला परत मिळे; 2023 पासून थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. बोजा हलका होतो तो मालकाचाच.

पण नियमात पळवाट आहे. राखीव जागेसाठी उमेदवार मिळाला नाही तर ती इतरांना देता येते. 'मिळाला नाही' हे ठरवणार कोण? मालकच. 'गुणवत्ता' शब्द तर तयारच असतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, आपल्या जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अनुदान घेणाऱ्या आस्थापना किती, 3अ खाली जागा किती, भरल्या किती आणि उरलेल्या कोणाला दिल्या?