शंभर मण्यांची जपमाळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिबेटचा मुलूख युरोपीयांना इतका कडेकोट बंद होता की, ज्या मोजणी खात्याने दक्षिण समुद्रापासून हिमशिखरांपर्यंत सारा हिंदुस्थान त्रिकोणांत बांधून काढला, त्यालाही ल्हासा नगरी नकाशावर नेमकी कोठे मांडावी हे ठामपणे सांगता येत नव्हते. व्यापारी, यात्रेकरू आणि भिक्षू यांची ये-जा मात्र परंपरेने चालू होती. त्याच खात्यातील कॅप्टन मॉन्टगोमेरी याने हे हेरले, आणि १८६३ साली कुमाऊंतील जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा शाळामास्तर नैनसिंग रावत व त्याचा चुलतभाऊ मणिसिंग यांना मोजणीच्या शिक्षणासाठी देहरादूनला पाचारण करण्यात आले.

परमुलखातील दुर्गम वाटेवर एकट्याने निघायचे म्हणजे आपल्याला प्रथम सामानाची यादी सुचते. नैनसिंगाची तयारी सुरू झाली ती स्वतःच्या पावलापासून. चढ असो, उतार असो वा सपाट माळ असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, सुमारे दोन हजार पावलांत एक मैल पुरा झाला पाहिजे आणि थकव्याने वा थंडीने मोजणी तुटता कामा नये, असा तो सराव होता. आणि ज्याने कधी घाट चढताना आपली पावले मोजून पाहिली असतील त्यालाच तो किती दुष्कर आहे याची कल्पना येईल.

सामान बेतले गेले तेही यात्रेकरूच्या अंगावर शोभेल असेच. जपमाळेत १०८ मणी असावयाचे, तेथे १०० च ठेवले. लहान मणी नकली पोवळ्याचे आणि दर दहावा मोठा, काळपट व खडबडीत, म्हणजे न पाहताही बोटांना कळावे. शंभर पावलांना एक मणी सरकवला की पूर्ण फेरीत दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल, हाती येत. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोरे कागद होते, त्यांवर दिशा आणि अंतरे टिपली जात. कोणी जवळ येऊ लागला की चक्र फिरवू लागावे, म्हणजे जपात व्यत्यय नको म्हणून तो आदराने बाजूला होई. सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे यंत्र पेटीच्या चोरकप्प्यात असे. पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केलेला असे, आणि रात्री तो वाडग्यात ओतून त्याच्या निश्चल पृष्ठभागावर ताऱ्याचे प्रतिबिंब धरावयाचे, म्हणजे अक्षांश काढता येत.

१८६५ च्या जानेवारीत दोघे निघाले. नेपाळच्या सीमेवरील किरोंग येथे तिबेटी अंमलदाराने त्यांना परत लावले, मणिसिंग पुढे माघारी फिरला, आणि नैनसिंगाने लडाखी पोशाख व कृत्रिम वेणी धारण करून एकट्याने वाट धरली. १८६६ च्या जानेवारीत तो ल्हासाला पोहोचला. पैसे संपत आले तेव्हा त्याने तेथील नेपाळी व्यापाऱ्यांना हिंदी पद्धतीचे जमाखर्च शिकवून पोट भरले. शाळामास्तराची जुनी विद्याच अशी कामी आली. परतीला त्सांगपो नदीच्या काठाने मानससरोवराकडे तो मजल दरमजल चालत गेला. या प्रवासात सुमारे १,२०० मैल, म्हणजे पंचवीस लाख पावले, त्याने मोजली होती आणि ३१ ठिकाणचे अक्षांश घेतले होते. पाणी कोणत्या उष्णतेस उकळते हे पाहून त्याने ल्हासाची उंची सुमारे ११,७०० फूट ठरवली; आजची मोजणी तिला बारा हजारांच्या आसपास नेते.

यात वेषांतर होते, साम्राज्याचा स्वार्थ होता आणि यजमान देशाच्या श्रद्धेचा उपयोग करून घेतलेला होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु उघडकीस आल्यास प्राण जाणार होता तो या शिक्षकाचा, खात्याचा नव्हे. असे असूनही १८६८ साली लंडनच्या भौगोलिक संस्थेच्या नियतकालिकात मॉन्टगोमेरीचे कथन छापले गेले, तेव्हा गुप्ततेसाठी तो केवळ ‘पंडित’ राहिला. त्याच संस्थेने १८७७ साली त्याला सुवर्णपदक दिले, आणि माझ्या मते त्या पदकाला याहून योग्य मानकरी त्या काळी क्वचितच मिळाला असता.

पुढे देहरादूनला त्याने इतरांना तयार केले. त्याच्याच कुळातील किशनसिंग १८७८ ते १८८२ या काळात ल्हासामार्गे मंगोलियाच्या दिशेने दूरवर जाऊन आला. वाटेत दरोडेखोरांच्या भयाने सोबत्यांनी त्याला सक्तीने घोड्यावर बसवले, तेव्हा त्याने घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावले मोजून अंतर पुरे केले.