प्रतिकृती हीच पाठशाळा

चित्रकलेच्या इतिहासात प्रतिकृती करणारास दुय्यम लेखण्याची रूढी आहे. ती सर्वस्वी न्याय्य नव्हे, हे दाखविण्यासाठी आम्ही इंग्लंडमधील एक दाखला देत आहोत.

इ. स. १७६८ मध्ये लंडन येथे रॉयल अकॅडमी ही कलासंस्था स्थापन झाली. संस्थापक सभासदांत अँजेलिका काउफमन व मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. तथापि तिच्या विद्यालयात पहिली विद्यार्थिनी लॉरा हरफर्ड हिचा प्रवेश झाला तो १८६० साली, तोही चित्रांवर केवळ आद्याक्षरे असल्यामुळे ती पुरुषाची समजली गेली म्हणून! मग तोपर्यंत हौशी स्त्रियांनी शिकावे कोठे? एकलव्याने मूर्तीस गुरू केले, तद्वत् त्यांनी जुन्या आचार्यांच्या चित्रांस गुरू केले.

लूकनच्या उमरावाची पत्नी मार्गारेट बिंगहॅम ही त्यांतील एक अग्रणी. आयझॅक व पीटर ऑलिव्हर, हॉस्किन्स आणि सॅम्युएल कूपर यांच्या तळहातात मावणाऱ्या व्यक्तिचित्रांच्या तिने केलेल्या प्रतिकृतींची होरेस वॉलपोल या चिकित्सक रसिकाने मुक्तकंठाने प्रशंसा केली. पुढे पन्नाशीच्या सुमारास तिने शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटके चित्रांनी सजविण्यास आरंभ केला आणि १६ वर्षांनी ते कार्य तडीस नेले. प्रतिकृतींनी घडलेला हात असा मोठ्या कार्यास आला.

ती उमरावाची पत्नी, म्हणून तिचे नाव उरले. इतर कित्येकींच्या कृती उरल्या, नावे मात्र लोपली. यास्तव ज्ञातिबांधवांस आमची विनंती अशी की, आपल्या आजी-पणजींची चित्रे वा भरतकाम घरी असेल, तर त्यामागे त्यांचे नाव आजच लिहून ठेवावे.