लाकडी माशाचं कूळ

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर पसरलेल्या ईरी सरोवरात नोव्हेंबरच्या रात्री होड्या निघतात त्या वॉलआय नावाच्या माशासाठी. पाणी दहा अंशांच्या खाली उतरलेलं, बोटं गारठलेली, हवेचा काही भरवसा नाही. तरी लोक जातात. हिवाळ्याआधी हा मासा अधाशासारखा खातो आणि वर्षातले सगळ्यात दांडगे मासे याच दिवसांत गळाला लागतात. होडी माणूस चालतो त्याहून सावकाश हाकायची आणि तिच्यामागे लांब दोरीला बोटापेक्षा थोडा मोठा, सडपातळ खोटा मासा लावून ओढत न्यायचा, एवढाच हा उद्योग. असे खोटे मासे आज कितीतरी कंपन्या बनवतात. पण त्यांच्या घाटाचं मूळ शोधत गेलं, की आपण फिनलंडमधल्या एका गरीब कोळ्याच्या दाराशी पोचतो.

लाउरी रापाला याचा जन्म 1905 चा. त्याच्या आडनावाचीही एक गोष्ट त्या घराण्यात सांगतात. आई त्याला घेऊन असिक्काला परगण्यात राहायला गेली, तेव्हा तिथल्या पाद्र्याला तिचं आडनाव आठवेना. त्याने वहीत त्यांच्या आधीच्या गावाचंच नाव लिहून टाकलं. ते पुढे जगभर या खोट्या माशांच्या खोक्यांवर छापलं गेलं. हिवाळ्यात लाकूडतोड आणि शेतमजुरी, उन्हाळ्यात मासेमारी, असं लाउरीचं वर्ष जाई. जवळचं पाइयान्ने सरोवर सुमारे 120 किलोमीटर लांब आणि फिनलंडमध्ये सगळ्यात खोल. त्यावर तो दिवसदिवस वल्ही मारायचा.

या धंद्यात खरा वेळ खायचा तो चारा. लांबच लांब दोराच्या प्रत्येक गळाला छोटी मासोळी टोचायची, त्यासाठी आधी मासोळ्या धरायच्या, टोचलेल्या निसटल्या किंवा मेल्या की पुन्हा तेच. वल्ही मारता मारता लाउरी पाण्यात बघत राही. मासोळ्यांच्या थव्यावर मोठा मासा तुटून पडे तेव्हा तो समोर येईल तिला धरत नसे. अख्ख्या थव्यातली एकच, जरा लुळी पडल्यासारखी डगमगत पोहणारी मासोळी तो नेमकी हेरायचा. दुबळं भक्ष्य पकडायला कष्ट कमी पडतात, हे त्या माशाचं गणित. लाउरीने त्यावरून आपलं गणित मांडलं: त्या एका मासोळीसारखी डगमगणारी वस्तू हाताने बनवता आली, तर चाऱ्याचं झेंगटच संपेल.

1936 साली त्याने पहिला मासा कोरला. हत्यार चांभाराची सुरी, साहित्य बुचाचं लाकूड. अंगाला चॉकलेटभोवतीची चांदी गुंडाळली आणि पाणी आत शिरू नये म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. घरात वार्निश नव्हतं, निगेटिव्ह होत्या! खरी कारागिरी या बाहेरच्या साजात नव्हती. तोंडाशी असलेली चिमुकली तिरपी पट्टी आणि दोरी बांधायची कडी यांचा मेळ असा बसवायचा, की ओढताना पाणी पट्टीवर आपटावं आणि मासा अंग झाडत, किंचित लंगडत पुढे जावा. पट्टी जरा जास्त झुकली की तो कोलांट्या खातो, कमी झुकली की काठीसारखा सरळ येतो. म्हणून प्रत्येक नग पाण्यात ओढून बघायचा आणि हाताने दुरुस्त करायचा ही रीत लाउरीने घातली, आणि कारखाना झाल्यावरही ती टिकली. या माशावर तो दिवसाला 600 पौंड मासळी आणायचा असंही सांगतात. कंपन्यांच्या दंतकथा जितक्या मनावर घ्याव्यात, तितकीच ही घ्यावी.

युद्धानंतर मुलं हाताशी आली, बुचाच्या जागी हलकं बाल्सा लाकूड आलं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आलेल्या पाहुण्यांच्या सामानातून काही मासे परदेशी गेले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला रॉन वेबर हा मासेमारीच्या सामानाचा विक्रेता. 1959 मध्ये त्याच्या नजरेस हा मासा पडला. त्याने थेट फिनलंडला पत्र घातलं आणि मिनिआपोलिसच्या रे ऑस्ट्रम या दुकानदाराला भागीदार करून आयात सुरू केली. पुढे निव्वळ योगायोग घडला. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या 17 ऑगस्ट 1962 च्या अंकात या माशावर लेख आला, आणि त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर होती नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो. अंक हातोहात खपला तो तिच्यासाठी. मागण्या मात्र आल्या लाकडी माशाला, आणि त्याही पुरवता पुरवता रापाला कुटुंब मेटाकुटीला येईल इतक्या. दुकानदार एकेक मासा अनामत ठेवून दिवसाच्या भाड्याने देत, असं जुने लोक सांगतात.

मिनेसोटाने पुढे 1965 मध्ये वॉलआयला राज्याचा मासा ठरवलं, आणि लाउरीच्या कलाकृतीला खरं सासर मिळालं ते या माशाच्या मुलखात. त्यात नवल नाही. फिनिश सरोवरांत ‘कुहा’ नावाचा मासा आहे, तो वॉलआयच्याच प्रजातीतला भाऊबंद. वॉलआयच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा पडदा असतो. बॅटरी मारली की मांजरासारखे चमकतात. संधिप्रकाशात, लाटांनी ढवळलेल्या गढूळ पाण्यात इतर माशांना धड दिसत नाही तेव्हा याला दिसतं. म्हणजे वारा सुटलेली, ढग उतरलेली, माणसाला नकोशी हवा हीच त्याच्या शिकारीची वेळ.

आणि इथेच बाल्साची अडचण उभी राहते. हलका मासा वाऱ्याविरुद्ध फेकला तर तो उलट आपल्याच अंगावर येतो. किनाऱ्यावरून फेकणारे हौशी लोक याबद्दल कुरकुरतात, पण तो दोष माशाचा नाही. लाउरीने तो फेकण्यासाठी बनवलाच नव्हता. तो वल्हवणाऱ्या होडीमागे ओढायची वस्तू होता. नोव्हेंबरात ईरीवर तोच मासा होडीमागे संथ ओढणारा माणूस, मागे इंजिन असो की आणखी काही, मूळचंच काम करत असतो. गार पाण्यात माशांची चपळाई ओसरते, म्हणून पुढे ‘हस्की जर्क’सारखे प्लास्टिकचे वंशज निघाले, जे ओढ थांबली की ना वर येतात ना बुडतात, जागीच तरंगत राहतात. माझ्या मते मूळच्या कल्पनेत पडलेली खरी भर एवढीच. बाकी सगळे रंगांचे खेळ.

हवेचं मात्र कुणालाच जमलेलं नाही. ईरी हे पाच महासरोवरांत सगळ्यात उथळ, सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. त्यामुळे वारा उठला की आखूड, उभ्या, लागोपाठच्या लाटा तासाभरात तयार होतात. नैऋत्येचं वादळ पाणी पूर्वेला असं लोटतं, की पश्चिम टोकाचं टोलीडो आणि पूर्वेचं बफेलो यांच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडलेला आहे. आणि हवा दगा देते ती फक्त ईरीवरच असं नाही: मिनेसोटाच्या लोकांना 11 नोव्हेंबर 1940 ची आठवण सांगावी लागत नाही. सकाळ उबदार म्हणून माणसं पातळ कपड्यांत बदकांच्या शिकारीला गेली, दुपारी हिमवादळ आलं. एकट्या त्या राज्यात 49 जण गेले, त्यांतले बरेचसे शिकारी.

म्हणून तिकडे राहणाऱ्या आणि या नादाला लागलेल्या मराठी मंडळींना दोन गोष्टी सांगतो. वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर जाऊ नका. आणि नवा मासा घेतलात तर आधी काठावरच पाण्यात ओढून पाहा: तो उजवीकडे पळत असेल तर पुढची कडी पकडीने केसभर डावीकडे वाकवा, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. हलणाऱ्या होडीत, गारठलेल्या बोटांनी ते जमत नाही.