वऱ्हाडच्या रस्त्यावरील हेराल्ड

एखाद्या वस्तूचे कौतुक होऊ लागले की ती नित्याच्या वापरातून गेली, असे खुशाल समजावे. जुन्या मोटारींचेही तसेच झाले आहे. मोठ्या शहरांतून त्यांची संचलने निघतात, लोक त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या गाड्या पुन्हा कापडाखाली जातात. ज्यांना आज आपण ‘क्लासिक’ म्हणतो, त्या गाड्या एके काळी रोज दवाखान्यात, कचेरीत आणि कापसाच्या बाजारात जात-येत असत. अशाच एका गाडीची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. ही गाडी एका नामांकित स्पोर्ट्स मोटारीची बहीण होती; परंतु अमरावती-अकोल्याच्या रस्त्यावर तिला भेटणाऱ्या आम्हां मंडळींना या नात्याची कल्पना नव्हती.

इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड ही मोटार बाजारात आली. तिची आकृती जोव्हान्नी मिकेलॉत्ती या इटालियन कलावंताने रेखाटली होती. त्या काळी बहुतेक कारखाने मोटारीचा सांगाडा आणि वरचे अंग एकसंध बनवू लागले होते. ट्रायम्फच्या मूळ कंपनीला मात्र असे अंग पुरविणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्यामुळे अडचण आली. म्हणून हेराल्डसाठी वेगळी चासी करून तिच्यावर निरनिराळे पत्र्याचे भाग बोल्टांनी जोडण्याची युक्ती निघाली. अडचणीतून निघालेली हीच युक्ती पुढे फलदायी ठरली. तीच चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार तयार झाली, आणि ती १९८० पर्यंत निघत राहिली. इंग्लंड-अमेरिकेतील कितीतरी तरुणांनी स्पिटफायर आणि एमजी यांसारख्या गाड्या मिरविण्यासाठी नव्हे, तर रोज कामावर जाण्यासाठीच वापरल्या.

हेराल्ड भारतात आली ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीमार्फत, १९६१ साली. तयार परदेशी मोटारींची आयात १९४९ पासून बंद झाली होती. १९५३ च्या धोरणानंतर, ज्यांना येथे केवळ सुटे भाग जोडावयाचे होते अशा परदेशी कंपन्यांनीही काढता पाय घेतला. त्यामुळे १९६० च्या दशकात मोटार घेऊ इच्छिणाऱ्यापुढे मुख्यतः तीनच नावे असत : अँबॅसिडर, फियाट आणि हेराल्ड. तिघींत स्वतंत्र चासीची, मागची चाके एकमेकांवर न विसंबता वरखाली होणारी, अशी हेराल्डच काय ती होती. तिचे ९४८ घन सेंटिमीटरचे इंजिन लहान होते. पण पुढे वाढत वाढत स्पिटफायरमध्ये गेलेले इंजिन त्याच कुळातले होते.

आमचे बालपण मूर्तिजापुरात गेले. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा राजरस्ता अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरामार्गे अमरावतीस जातो. त्या रस्त्यावर कापसाच्या हंगामात बैलबंड्यांची रांग लागे, आणि त्या रांगेतून वाट काढत आमच्या शेजारच्या डॉक्टरांची फिकट निळी हेराल्ड धावे. ही गाडी अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात पूर्ण वळत असे. अमरावतीच्या जवाहर गेटच्या आतील गल्ल्यांत जेथे इतर गाड्या दोन-तीनदा मागेपुढे कराव्या लागत, तेथे डॉक्टर एका दमात वळत. आम्हां मुलांना ती जादू वाटे.

परंतु वऱ्हाडचे हवामान कोणत्याही गाडीची परीक्षा पाहणारे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसपलीकडे जातो. अशा उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, पंपाला ते ओढता येत नसे, आणि गाडी भर रस्त्यात थांबे. मग एखाद्या निंबाच्या सावलीत ओले फडके पंपावर टाकून स्वस्थ बसावयाचे, हाच उपाय. दुसरी अडचण पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घातले तर आत क्षारांचा थर बसतो. म्हणून डॉक्टर गोड्या पाण्याचा डबा नेहमी बरोबर ठेवीत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, आणि मागची आसने भरली की फाकणारी चाके. विलायतेच्या गुळगुळीत रस्त्यासाठी केलेली ती रचना आमच्या खेड्यांच्या वाटांवर सुखी नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

मग ती चालली कशी? चालली ती मिस्त्रीमुळे. हेराल्डचे पुढचे सबंध तोंड, दोन्ही मडगार्डांसह, पुढच्या बाजूस उलटे उघडत असे. चाकावर बसूनच इंजिनाला हात घालता येई. गावातला मिस्त्री शाळा फारशी शिकलेला नव्हता. पण आवाज ऐकून कोणता झडपखिळा सैल झाला ते तो सांगे. मद्रासहून सुटा भाग येण्यास महिना लागणार असेल, तर तो दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवी. खाऱ्या पाण्याने भरलेला रेडिएटर तो कशाने धूत असे, पाट्यांखाली कसली पट्टी घालून मागची चाके सरळ ठेवीत असे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते.

आणि ती गाडी एकट्या डॉक्टरांची तरी कोठे होती? एका रात्री आमच्या आळीतील एका बाळंतिणीस अकोल्यास हलवावे लागले. गाडीला दारे दोनच. पुढचे आसन वाकवून तिला मागे निजविताना आमच्या आईला फार कष्ट पडले. आई आणि बाळ दोघेही सुखरूप परतली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी आम्हां सहा जणांना अमरावतीस पोचविणारी हीच गाडी, आणि चालविणारे डॉक्टर हिंदू. “एरवी रिकामीच उभी राहणार, चला,” एवढेच ते म्हणत.

गतकाळाचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. निवड नव्हती म्हणून लोक एकच गाडी वर्षानुवर्षे सांभाळीत. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागे, आणि बहुसंख्यांना तर मोटार स्वप्नातही परवडत नव्हती. दोन दारांची अडचण कंपनीलाही उमगली आणि अखेरीस चार दारांची हेराल्ड निघाली. पण १९७१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तिच्या जागी आलेली गॅझेलही १९७७ पर्यंतच टिकली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात त्यांचे काय चुकले?

चुकले ते आमचे. इंग्लंडात हेराल्ड-स्पिटफायरप्रेमी मंडळींनी संघ स्थापून सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान दोन्ही जपले आहे. आमच्याकडे डॉक्टरांची गाडी त्यांच्या पश्चात भंगारात वजनावर गेली. मिस्त्रीही गेले. त्यांच्या गॅरेजवरून आम्ही हजारदा गेलो असू. पण पाट्याखाली कसली पट्टी घालीत होतात, हे एकदाही विचारले नाही. गाडी पुन्हा कोठूनतरी मिळवता येईल. ते उत्तर आता कोणत्याही किमतीस मिळणार नाही.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. त्या रस्त्याने अलीकडे गेलो तेव्हा आमची गाडी कोठे थांबली नाही, की पाण्याचा डबा लागला नाही. प्रवास सुखाचा झाला. परतल्यावर मात्र आम्ही एक वही घेतली आणि गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे जाऊन बसलो. वाचकांनाही आमची हीच विनंती आहे : आपल्या गावात असे कोणी हयात असतील, तर त्यांना विचारून ठेवा.