अडीअडचणीचे सोने : एका अभ्यासाची प्रस्तावना

सुरतेचे नाव काढले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही लुटीची दोन साले आठवतात. संकटकाळासाठी सोने-चांदी साठवण्याच्या इतिहासाकडे वळणाऱ्यालाही मी आधी तिथेच घेऊन जातो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज शहरात शिरली. मोगल अधिकारी इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला आणि इकडे वीरजी व्होरा या सावकाराच्या वाड्याची जमीन खणून निघाली. इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या नोंदीप्रमाणे त्या एका वाड्यातून २८ शेर टपोरे मोती निघाले, शिवाय माणके, पाचू आणि अमाप रोकड. वाईट दिवसांची तरतूद या माणसाने भरपूर केली होती. पण ती कुठे आहे हे साऱ्या मुलखाला ठाऊक होते.

ही रोकड म्हणजे चांदीची नाणी. इतकी चांदी सुरतेत आली कुठून? इथले कापड आणि नीळ नेणारी जहाजे मोबदल्यात मुख्यतः चांदी देत. स्पॅनिश अमेरिकेतल्या खाणींतली चांदी रियाल नाण्यांच्या रूपाने युरोप आणि तांबड्या समुद्राची बंदरे फिरत तापीकाठी पोचे आणि टांकसाळीत तिचा रुपया होई. चांदी कुणीही आणावी, ठरलेले शुल्क भरावे आणि नाणी पाडून न्यावीत, अशी मोगल रीत होती.

औरंगजेबाच्या काळातला सुरतेचा एखादा रुपया जरूर हातात घेऊन पाहा. वजन साधारण साडेअकरा ग्रॅम. एका अंगाला बादशहाचे नाव, दुसऱ्या अंगाला टांकसाळीचे नाव आणि त्याच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष. कित्येक नाण्यांवर बारीक ठसे दिसतात; कस पारखताना सराफांनी ते मारलेले असतात. राज्यवर्षाचा आकडा तर व्यवहारातलाच. नव्या सालचा रुपया पुऱ्या भावाने चाले, जुन्यावर बट्टा बसे. मडक्यात घालून पुरलेला रुपया झिजत नव्हता, तरी दरसाल थोडा उतरत होता.

म्हणून माझा आग्रह आहे की या क्षेत्रात धातूइतकेच धातूपासून धान्यापर्यंतच्या वाटेकडे लक्ष द्यावे. डाग मोडायला नेला तर कोण घेतो, किती घट धरतो, पैसे त्याच दिवशी देतो का? साठवण उपयोगी पडली की नाही, हे या प्रश्नांवर ठरते. १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांनी मोडलेले चांदीचे दागिने मोठ्या प्रमाणात मुंबईच्या टांकसाळीत आले आणि त्यांचे रुपये झाले. पुढे २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने खाजगी चांदीला टांकसाळीचे दार बंद केले. रुपयाची किंमत आता त्यातल्या चांदीपेक्षा वरची राहिली आणि घरातले तोडे-वाळे मात्र बाजारातल्या पडत्या भावाने विकावे लागले. त्यानंतर सहा-सात वर्षांनी गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला, विक्रम संवत १९५६ चा. शेतकऱ्याच्या घरातली चांदी तोळाभरही कमी झालेली नसताना तिच्यातून मिळणारे धान्य आधीच घटले होते. माझ्या मते भारतीय बचतीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला अन्याय आहे.

स्वातंत्र्यानंतरही कायद्याचा हात या साठ्यापर्यंत पोचलाच. १९६३ च्या नियमांनी चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. आणि लगेच १९९१ मध्ये खुद्द देशावर वेळ आली तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने गहाण पडले आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे राहिले. गृहिणी पाटल्या सराफाकडे ठेवते, तोच हा व्यवहार.

या अभ्यासासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. नाणकशास्त्र, दुष्काळाचे अहवाल, स्त्रीधनाचा कायदा, सराफी चोपड्या, कुठल्याही वाटेने आत या. खानदेशातून येऊन सुरतेच्या लिंबायत-उधना भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडेही विचारा. यंत्रमागाच्या मजुरीतून घेतलेले मणी-डोरले कधी गहाण पडले, कधी सुटले, हे तिथल्या बायका सांगू शकतील. अशा हिशेबांना दफ्तरात जागा मिळालेली नाही. तुम्ही ती द्या.

एक विनंती मात्र आताच करतो. घरातली सराफाची जुनी पावती किंवा गहाणाची चिठ्ठी रद्दीत टाकू नका. पाया खणताना नाणी सापडली तर ती घासू नका, वाटून घेऊ नका, वितळवू तर मुळीच नका. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारल्याचा पुरावा त्यांतूनच मिळाला. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तेवढे अवश्य करा.